हाली जीबी आणि कलदार जीबी

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पहिली पाने बातम्यांची राहत नाहीत. ती मोबाईलवाल्यांची होतात. आमच्या परभणीतही स्टेशन रोडने चालत जावे तर फराळाच्या आणि कापडाच्या दुकानांपेक्षा मोबाईलच्या दुकानांवर रोषणाई अधिक. तिथल्या पाट्यांवर नट्यांची चित्रे असतात, कॅमेऱ्याची स्तोत्रे असतात, आणि सर्वांत ठळक अक्षरांत एक आकडा असतो: ६४ जीबी, १२८ जीबी, २५६ जीबी. कॅमेऱ्याच्या स्तोत्रांविषयी माझी तक्रार नाही. ते काव्य आहे, आणि काव्य कोणी तराजूत घालत नाही. परंतु आकडा हे काव्य नव्हे. आकडा हे माप आहे, आणि जो माल मापाने विकला जातो तो मापाला पुरा उतरला पाहिजे, ही गोष्ट बाजार भरू लागला तेव्हापासून सर्वांना मान्य आहे. मोबाईलच्या डब्यावरचे हे माप पुरे उतरत नाही. ते उतरत नाही हे बनविणाऱ्याला ठाऊक असते, विकणाऱ्याला ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त पैसे मोजणाऱ्याला.

तंत्राच्या गोष्टींचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जीबी, म्हणजे गिगाबाइट, हे मोबाईलच्या पोटातल्या जागेचे माप. घरात जशी धान्याची कणगी, तशी मोबाईलमध्ये ही जागा. नातवंडांचे फोटो, लग्नाची चित्रफीत, बँकेचे अ‍ॅप, सकाळी सकाळी न चुकता येणारी सुप्रभाताची गुलाबफुले, सगळे त्याच कणगीत पडते. कणगी भरली की फोन 'जागा शिल्लक नाही' म्हणतो आणि अडून बसतो. म्हणून माणसे पदरचे दोन-तीन हजार रुपये अधिक घालून मोठी कणगी घेतात. म्हणजे हा आकडा शोभेचा नव्हे. त्याच्यावर किंमत ठरते.

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा घरोघर जे झाले तेच आमच्याही घरी झाले. नातीच्या अभ्यासासाठी एक टॅब्लेट घेतला. डब्यावर ३२ जीबी. घरी आणून सुरू केला. अजून एकही धडा, एकही चित्र त्यात घातले नव्हते. आणि त्याच्याच पडद्यावर मोकळी जागा पाहिली तर २१. अकरा जीबी गेले कुठे? दुकानदाराला विचारले. माणूस भला होता. म्हणाला, "काका, सगळ्याच कंपन्यांचं असं असतं." हे उत्तर मला ओळखीचे वाटले. मोंढ्यात एखादा शेतकरी वजनातून कडता का कापला म्हणून विचारतो तेव्हा त्यालाही हेच मिळते: सगळीकडे असेच असते.

त्या अकरांचा हिशेब मी सवडीने लावला. त्याचे दोन भाग पडतात, आणि दोन्ही भागांतली लबाडी निरनिराळ्या जातीची आहे.

पहिला भाग खुद्द मापाचा. इथे वाचकांना एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. फार वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल, बाकीच्यांनी आजोबांकडून ऐकली असेल. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा आमच्याकडे दोन रुपये चालत. एक निजामाचा, तो हाली. दुसरा इंग्रजांचा, तो कलदार. नाव दोघांचेही रुपयाच. पण सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत. शंभर कलदारांचे हाली एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै, असा तो हिशेब होता. जिंतूरच्या पलीकडे वऱ्हाडची हद्द लागते. तिकडे कलदार, इकडे हाली. तेव्हा सौदा करणाऱ्याने आधी रुपया कोणता ते ठरवावे आणि मग भाव बोलावा, याला गत्यंतरच नव्हते. १९४८ साली संस्थान भारतात आले, पुढे हाली नाणे काढणे बंद झाले, आणि १९५९ साली ते व्यवहारातून कायमचे गेले.

जीबीचेही असेच दोन प्रकार आहेत. संगणक दोनाच्या पटीने मोजतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे दहा वेळा दुप्पट केले की १०२४ होतात. हा आकडा हजाराच्या इतका जवळचा की आरंभीच्या तंत्रज्ञांनी १०२४ लाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. किलोमध्ये हा फरक शेकडा अडीचसुद्धा नाही, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. परंतु हजाराचे हजारपट, त्याचेही हजारपट असे चढत गेले की फरकही चढत जातो. गिगापर्यंत येता येता तो शेकडा सातांच्या वर जातो. १०० कोटी बाइटांचा एक जीबी, तो दशमान पद्धतीचा. आणि १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांचा दुसरा, तो संगणकाचा. पहिला हाली, दुसरा कलदार. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने हा घोळ मिटावा म्हणून दुसऱ्याला 'गिबीबाइट' असे निराळे नावही दिले. ते नाव आजतागायत एकाही मोबाईलच्या जाहिरातीत माझ्या पाहण्यात आलेले नाही.

कंपन्या हाली जीबीने विकतात. आमचा टॅब्लेट कलदार जीबीने मोजत होता. ३२ हाली म्हणजे २९.८ कलदार, सव्वादोनांच्या आसपास इथेच गेले. १२८ चे असेच ११९.२ होतात. यावर कंपन्यांची बाजू अशी की गिगा म्हणजे शंभर कोटी, हीच शुद्ध दशमान रीत. चूक असेल तर ती संगणकाची. बरे, ही बाजू मी मान्य करतो. दशमान पद्धतीला नाव ठेवणारा मी नव्हे. १९५८ च्या ऑक्टोबरात या देशात किलो आणि मीटर आले म्हणून तर गावोगावच्या निराळ्या शेर-पायल्यांची कटकट संपली. पण मग त्याच डब्यावरचा दुसरा आकडा पाहावा. '८ जीबी रॅम' असे तिथे लिहिलेले असते. रॅम म्हणजे यंत्राची कामापुरती स्मरणशक्ती. आणि तिचा जीबी असतो १०२४ च्या पटीतला, अगदी कलदार! एकाच डब्यावर, एकाच ओळीत, एकाच नावाची दोन मापे. आणि कुठले कोणते याविषयी अवाक्षर नाही. निजामाच्या राज्यात निदान रुपयाच्या आधी 'हाली' म्हणण्याची रीत तरी होती.

संगणकाच्या तबकड्यांच्या बाबतीत अमेरिकेतल्या ग्राहकांनी हे भांडण कोर्टात नेले. २००६ साली वेस्टर्न डिजिटल या कंपनीने तडजोड करून गिऱ्हाइकांना एक फुकट सॉफ्टवेअर देऊ केले. पुढच्या वर्षी सीगेटने किमतीचा पाच टक्के परतावा किंवा तसेच सॉफ्टवेअर देण्याचे कबूल केले. गुन्हा मात्र दोघींनीही कबूल केला नाही. आणि त्यानंतर झाले काय? माप सुधारले नाही, पडदा सुधारला. अ‍ॅपलने २००९ साली आपल्या संगणकांवर हाली मोजणी सुरू केली, पुढे अँड्रॉइडच्या फोनांनीही तीच वाट धरली. त्यामुळे आता डब्यावर १२८ आणि पडद्यावरही १२८, असा देखणा मेळ बसतो. काही फोनांत तर एकूण जागेचा आकडा डब्यावरच्या आकड्याइतका वर ओढून दाखवतात, आणि जे कमी पडते ते 'सिस्टीम' नावाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. रोकड जुळेना म्हणून कारकुनाने 'किरकोळ खर्च' लिहावा, त्यातलाच हा प्रकार.

आता दुसरा भाग, आणि खरा मोठा भाग हाच. फोन चालायला त्याच्या पोटात त्याची स्वतःची यंत्रणा असावी लागते. अँड्रॉइड म्हणा, आयओएस म्हणा, ती जागा खातेच. मला हे समजते. घराला भिंती लागतात आणि भिंतींना जागा लागते, यावर कोणी शहाणा माणूस भांडणार नाही. माझे भांडण आहे ते भिंतींची जागा खोलीची म्हणून विकण्याशी. शिवाय सगळ्याच काही भिंती नसतात. नवा फोन सुरू करावा तर त्यात आपण न मागितलेली पाच-पंचवीस अ‍ॅप्स अगोदरच ठाण मांडून बसलेली असतात: कुठला पत्त्यांचा खेळ, कुठले खरेदीचे दुकान, कुठली बातम्यांची गल्ली. यांतली पुष्कळशी दुसऱ्या कंपन्यांनी पैसे मोजून तिथे बसवलेली असतात. म्हणजे पाहा, कणगी मी विकत घेतली, तिच्यातला कोपरा कंपनीने तिसऱ्याला भाड्याने दिला, भाडे कंपनीला, आणि त्या भाडेकरूला बाहेर काढू म्हटले तर कित्येकांना काढताच येत नाही, नुसते 'बंद' करता येते. कोल्हापुरापासून गोंदियापर्यंत घरमालकांची आणि भाडेकरूंची भांडणे आपण पाहिली आहेत, पण घर घेणाऱ्याच्या आधीच भाडेकरू आत, हा प्रकार नवाच. दक्षिण कोरियाच्या सरकारने २०१४ सालीच कंपन्यांना बजावले की असली अ‍ॅप्स गिऱ्हाइकाला काढता आली पाहिजेत. आपल्याकडे पत्त्यांचा खेळ अजून बसलेला आहे.

हा कडता गरिबावर जास्त पडतो, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. मोंढ्यातला कडता निदान क्विंटलमागे असतो. दहा क्विंटल घालणाऱ्याला दहापट, शंभर घालणाऱ्याला शंभरपट. इथे तसे नाही. यंत्रणा सगळ्यांकडून जवळजवळ सारखीच जागा घेते. समजा तिने १५ जीबी घेतले. २५६ वाल्याचे त्यात शेकडा सहा गेले; त्याला पत्ताही लागत नाही. ६४ वाल्याची जवळजवळ चौथाई गेली. आणि ज्याने पोटाला चिमटा घेऊन ३२ चा घेतला, त्याची निम्मी कणगी गेली. धाकट्या आणि थोरल्या फोनच्या किमतीत जे अंतर असते, ते डब्यावरच्या आकड्यांवर बेतलेले. हातात येणारे अंतर निराळेच. धाकटे माप घेणाऱ्याला प्रत्येक उपयोगी जीबी थोरल्यापेक्षा महाग पडतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

ही काही माझ्या एकट्याची तक्रार नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली सरफेस नावाचा टॅब्लेट काढला. ३२ जीबीच्या त्या टॅब्लेटात सुमारे १६ मोकळे निघाले, आणि लॉस एंजेलिसच्या एका वकिलाने त्याच नोव्हेंबरात दावा ठोकला. काही महिन्यांनी त्याचा थोरला भाऊ सरफेस प्रो यायचा होता. त्याच्या ६४ पैकी २३ च मोकळे असतील असे कंपनीनेच सांगितले, ओरड झाल्यावर २९ म्हणून सुधारून घेतले. २०१३ सालीच सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस-४ मध्ये १६ पैकी जेमतेम ९ गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतात म्हणून बीबीसीच्या 'वॉचडॉग' या ग्राहकांच्या कार्यक्रमाने कंपनीला जाब विचारला. २०१४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात अ‍ॅपलविरुद्ध दावा दाखल झाला; १६ जीबीच्या यंत्रातली पाचव्या हिश्शाइतकी आणि काहींत त्याहूनही अधिक जागा यंत्रणाच गिळते, अशी त्यातली तक्रार. इतक्या बड्या कंपन्या, इतके दावे, आणि डब्यावरचा आकडा जिथल्या तिथे!

यावर जी उत्तरे दिली जातात ती मी गोळा केली आहेत. पहिले उत्तर म्हणजे डब्याच्या पाठीमागचे बारीक अक्षर. 'प्रत्यक्ष उपलब्ध जागा यापेक्षा कमी असू शकते.' असू शकते! कधी तरी ती पूर्णही असू शकते काय? पाऊस पडू शकतो असे म्हणणे आणि सूर्य मावळू शकतो असे म्हणणे यांत फरक आहे. जे घडणारच आहे त्याला 'शकते' लावणे म्हणजे खरे बोलल्याचा देखावा करून खोटे सांगणे. शिवाय हे बारीक अक्षर इंग्रजीत. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की खुलासा हा मूळ दाव्याला छेद देणारा नसावा, महत्त्वाची माहिती दडवणारा नसावा, आणि तो दाव्याच्याच भाषेत, दाव्याच्याच टायपात असावा. परभणीच्या चौकातल्या कुठल्याही मोबाईलच्या फलकासमोर उभे राहून ही तत्त्वे मोठ्याने वाचून पाहावीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही 'दिशाभूल करणारी' ठरवलेली आहे. कायदा आहे, प्राधिकरण आहे; कमी आहे ती तक्रार करणाऱ्यांची.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे. यंत्रणा वेळोवेळी बदलते, तिचे नवे रूप अधिक जागा घेते, तेव्हा मोकळा आकडा पक्का कसा छापायचा? साबणवाल्यांना विचारा. साबण सुकतो, त्याचे वजन घटते. म्हणून त्याच्या वेष्टनावर वजनापुढे 'भरतेवेळी' अशा अर्थाचे शब्द छापतात आणि प्रश्न मिटतो. फोन डब्यात भरताना त्यात किती जागा मोकळी आहे हे कंपनीला बाइटापर्यंत ठाऊक असते. तेवढे छापा.

आणि छापायची जागा तर डब्यावर आधीच केलेली आहे. २००९ चा वैध मापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम सांगतात की बंद पाकिटातल्या मालावर निव्वळ परिमाण छापले पाहिजे. वेष्टन वजा जाता आत माल किती ते. म्हणून तर बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावरही ग्रॅम लिहिलेले असतात. मोबाईलच्या डब्यावरही ही ओळ असते. हातातला डबा उलटा करून पाहावा. तिथे लिहिलेले सापडेल: 'निव्वळ परिमाण: १ नग.' तुपाच्या डब्यावर 'निव्वळ वजन: एक डबा' असे छापलेले आपण चालवून घेतले असते का? फोन हा नगाने विकायचा माल आहे असे कोणी म्हणेल. मग १२८ च्या नगाला ६४ च्या नगापेक्षा अधिक पैसे कशाचे घेता?

तिसरे उत्तर म्हणजे 'हे सगळ्यांना माहीत असते.' सगळ्यांना म्हणजे कोणाला? ज्यांना माहीत असते ते २५६ वाले असतात.

हे सुधारता येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच महाराष्ट्राचा एक अलीकडचा अनुभव आठवावा. बिल्डर लोक फ्लॅट विकताना 'सुपर बिल्ट-अप' नावाचे क्षेत्रफळ सांगत. त्यात भिंती आल्या, जिना आला, लिफ्टचा खड्डा आला, गच्चीचा हिस्सा आला. हजार चौरस फुटांचे पैसे मोजून माणूस आत जाई आणि सातशे फुटांत सतरंजी संपे. त्या वेळीही हीच उत्तरे होती: सगळे असेच विकतात, भिंती लागतातच, नेमका आकडा सांगणे कठीण. २०१६ साली रेरा कायदा झाला, १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा काम करू लागले, आणि चटईक्षेत्र सांगूनच घर विकण्याचे बंधन आले. भिंती तशाच राहिल्या. बिल्डरही उपाशी मेले नाहीत. परभणीतसुद्धा आज घर पाहायला गेलेली बाई आधी 'कार्पेट किती?' असे विचारते. फोनचे कार्पेट विचारायला आपली जीभ का अडखळावी?

एवढ्यावर हा व्यापार थांबला असता तरी एक वेळ चालले असते. अलीकडे त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. स्वस्त फोनांच्या पाट्यांवर '१६ जीबी रॅम' असे दिसते आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी. चांदणीचा माग काढत खाली यावे तर '८ + ८' असा खुलासा सापडतो. पहिले आठ खरे. दुसरे आठ आभासी. म्हणजे काय, तर तुमच्याच कणगीतले आठ जीबी उचलून ते रॅम म्हणून वापरायचे. जी जागा साठवणीची म्हणून १२८ मध्ये मोजून विकली, तीच पुन्हा रॅम म्हणून १६ मध्ये मोजली. एक म्हैस दोन बाजारांत विकणाऱ्याला आपल्याकडे पोलीस शोधतात.

आणि कणगी भरली म्हणजे? त्याचीही सोय आहे. 'तुमची जागा संपली आहे, दरमहा अमुक रुपये भरा आणि आमच्या गोदामात ठेवा.' गुगलने फोटो अमर्याद फुकट ठेवण्याची सवय लोकांना लावली आणि १ जून २०२१ पासून ती सवलत बंद केली. आता पंधरा जीबी फुकट, त्यातच पत्रे, फोटो, कागद सगळे. अ‍ॅपल पाचच फुकट देते. पूर्वी फोनच्या कडेला एक खाच असे, तीत बाजारातले कार्ड घालून जागा वाढवता येई; किती तरी फोनांतून ती खाच नाहीशी झाली. विकत घेतलेली जागा अपुरी निघाली म्हणून भाड्याने जागा घ्यायची, आणि भाडे जन्मभर.

कोणी म्हणेल, फोटो दोन कमी काढा, गुलाबफुले पुसून टाका, एवढे रामायण कशाला? शहरात बसून असे म्हणता येते. आमच्या जिल्ह्यात फोन ही करमणूक राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, तो अ‍ॅपमधून पाठवायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पिकाची नोंद. २०२३ साली राज्याने एक रुपयात पीकविमा दिला, तेव्हा नुकसान झाले की ७२ तासांत खबर द्यायची अट होती. ती देण्याचा एक मार्ग पुन्हा अ‍ॅपच. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात जो फोन असतो तो २५६ चा नसतो.

मानवत तालुक्यातल्या एका बाईंची हकीकत मला ठाऊक आहे. त्यांचे यजमान २०२१ च्या साथीत गेले. फोन त्यांनीच घेतलेला, ३२ जीबीचा. जमीन बाईंच्या नावावर चढली, आणि २०२४ च्या पावसाळ्यात सोयाबीनची पाहणी नोंदवायची वेळ आली. अ‍ॅपची नवी आवृत्ती फोनमध्ये उतरेना, जागा नाही. मुदत जवळ आलेली. त्यांनी फोन नेऊन गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्या पोराच्या हातात दिला. पोराने सराईतपणे दोन मिनिटांत जागा करून दिली, अ‍ॅप उतरवले, फोटोही काढायला शिकवले. व्हॉट्सअ‍ॅपचा सगळा साठा त्याने पुसला होता. त्यात यजमानांनी बोलून पाठवलेले निरोप होते. फार काही महत्त्वाचे नव्हते. येताना दळण घेऊन ये, मोटार बंद कर, मी पाथरीला थांबलोय, असले. तीन वर्षे त्या ते अधूनमधून ऐकत असत. पोराला त्यांनी दोष दिला नाही. मला हे सांगताना एवढेच म्हणाल्या, "नोंद झाली पण, भाऊ."

त्या फोनवर ३२ च्या जागी २१ छापलेले असते तर यजमानांनी थोडे पैसे वाढवून थोरला फोन घेतला असता की नाही, मी सांगू शकत नाही. कदाचित पैसे नसते. कदाचित हाच घेतला असता. पण हिशेब त्यांचा त्यांनी केला असता, खऱ्या आकड्यावर केला असता. बाजारात गरीब माणसाजवळ हिशेबाखेरीज दुसरे असते काय? तोच चुकीच्या आकड्यावर करायला लावायचा, आणि वर म्हणायचे की मागे बारीक अक्षरात लिहिले होते.

मागणी फार मोठी नाही. डब्यावर जिथे '१ नग' लिहिता, तिथेच 'भरतेवेळी मोकळी जागा अमुक जीबी' एवढी ओळ घाला. जीबी कोणता ते सांगा. आणि जाहिरातीत मोठा आकडा छापाल तितक्याच मोठ्या टायपात हा छापा, मराठी जाहिरात असेल तर मराठीत. वैध मापन खात्याचे निरीक्षक वर्षाकाठी गावोगावच्या तराजूंवर शिक्के मारतात. भाजीवालीच्या पाव किलोच्या वजनाला जो कायदा कळतो तो या डब्यालाही कळू द्या. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा बाजारातल्या कमी मापाशी झगडायलाच ती निघाली होती. पन्नास वर्षांनी माप बदलले आहे, कमीपणा तोच आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर मी माझ्यापुरता एक उद्योग आरंभला आहे, आणि या दिवाळीत वाचकांनीही तो करून पाहावा अशी विनंती आहे. परवा पुतण्यासाठी फोन घ्यायचा होता. तीन दुकाने हिंडलो. प्रत्येक ठिकाणी सांगितले की पैसे देतो, पण आधी फोन सुरू करा, सेटिंगमधली साठवण उघडा, मोकळी जागा किती ते मला दाखवा आणि बिलावर लिहून द्या. पहिला हसला. दुसऱ्याने, अशी पद्धत नाही म्हणून सांगितले. तिसरा एक तरुण मुलगा होता. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, डब्याचे सील फोडले, फोन सुरू केला, आकडा वाचला, आणि बिलावर फोनच्या नावापुढे निळ्या शाईने लिहिले: '१२८ जीबी, पैकी मोकळी १०३.' खाली सही केली आणि दुकानाचा शिक्का मारला.